वाकलेल्या माणसाचं घड्याळ

"कधी मिळेल?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणायचा, "सावकाश." ना तारीख, ना वार. त्यामुळे गल्लीनं त्याचं नावच सावकाश पाडलं आणि ते त्याला असं चिकटलं की सख्खी पुतणीसुद्धा शाळेत "माझे सावकाशकाका" म्हणून सांगायची. पुतणीचं लग्न झालं, तिची मुलं शाळेत जायला लागली. काकांचं काम नावाबरहुकूम चाललंच होतं.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन हात पसरले की भिंती लागायच्या. एक टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा, दिव्याखाली त्याच्याहून वाकलेला हा, आणि समोर गिऱ्हाइकासाठी तीन पायांचं स्टूल. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि अकराही वेगवेगळी वेळ दाखवायची. नवा माणूस भांबावून विचारायचा, "यातलं बरोबर कुठलं?"

"माझ्या डोक्यावरचं. बाकीची आजारी आहेत."

डोक्यावरचं ते तो रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याबरोबर लावायचा. मनगटी घड्याळांचे सेल बदलणं, पट्टे लावणं, काचा बसवणं हे पोटासाठी. जीव होता तो खिशातल्या जुन्या घड्याळांवर. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या सासऱ्यांचं, चपट्या डबीएवढं जड, पोटात सेकंदाची वेगळी इवलीशी तबकडी असलेलं. पूर्वी अशी घड्याळं आठवड्याला दोन-तीन यायची. आता महिन्याला एखादं आलं तर आलं.

त्याच्या उस्तादानं त्याला एक नियम घालून दिला होता. "टेबलावर घड्याळ पाहुण्यासारखं वागतं. गोड, शहाणं. खरा स्वभाव कळतो तो घरात राहायला लागल्यावर. आठ दिवस अंगावर वागव, मगच मालकाच्या हातात दे." उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली, नियम राहिला. दुरुस्त झालेलं खिशातलं घड्याळ सावकाशच्या जाकिटात जायचं. दिवसभर त्याच्याबरोबर काम करायचं, त्याच्याबरोबर घरी जायचं, रात्री त्याच्या उशाशी फळीवर निजायचं. त्यासाठी वहिनींनी जाकिटाला आतून चार खिसे शिवून दिले होते. चौथा शिवताना त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हे जाकीट आहे की पोस्टमनची पिशवी?"

तो दादाच्या घरात वरच्या खोलीत राहायचा आणि खाली जेवायचा. दादाशी त्याचं भांडण नव्हतं. दोघांचं बोलणंच संपलेलं होतं, जसं डब्यातलं मीठ संपतं आणि आणायचं राहून जातं. जे काही असेल ते वहिनींमार्फत. दादा तिथेच ताटासमोर बसलेला असताना वहिनी सांगायच्या, "हे म्हणतायत, वरचा नळ गळतोय." आणि हा म्हणायचा, "त्यांना सांगा, बघतो." घरी पाहुणे आले की वहिनींचा एक ठरलेला विनोद असायचा. "भाऊजींना लग्नाचं विचारलं, तेव्हाही सावकाश म्हणाले. मुलीकडचे काही इतके सावकाश नव्हते." पाहुणे हसायचे. तोही हसायचा. बासष्टाव्या वर्षी हसायला काय जातं?

नऊ वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या एक सिस्टर त्यांच्या वडलांचं घड्याळ घेऊन आल्या. चांदीचं, मागच्या झाकणावरची वेलबुट्टी झिजून गुळगुळीत झालेलं. नर्सा छातीवर लावतात तसलं लहान घड्याळ त्यांना आवडायचं नाही. त्या हे बापाचंच, साखळीनं कमरपट्ट्याला अडकवून, युनिफॉर्मच्या खिशात ठेवायच्या आणि त्याच्यावर पेशंटांच्या नाड्या मोजायच्या. साफ करून हवं होतं.

"कधी?"

"सावकाश."

"मग मी येईन माझ्या सवडीनं," असं म्हणून त्या गेल्या, त्या गेल्याच. घड्याळ साफ झालं, तेल झालं, चाचणीसाठी जाकिटात गेलं. आठ दिवस झाले. तो प्रत्येक घड्याळाचं एक कार्ड ठेवायचा. त्यावर त्यानं लिहिलं, 'चाचणी चालू.' महिन्यानं पुन्हा लिहिलं, 'चाचणी चालू.' सिस्टरांची बदली झाल्याचं समोरच्या औषधवाल्याकडून कळलं. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वर्षभर कोणी नेलं नाही तर इतर दुकानदार घड्याळ विकून मोकळे होतात. यानं ते विकलं नाही आणि कपाटातही टाकलं नाही. इतर घड्याळं आठ दिवस राहायची आणि जायची. हे राहिलं. वर्षातून दोन-तीनदा मागचं झाकण उघडून तो चाल कमी-जास्त करणारा वेगाचा काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा. होता होता ते घड्याळ इतकं खरं चालू लागलं की पंधरा दिवसांत एका सेकंदाचाही फरक पडेना. रेडिओ लावला की तो आधी जाकिटातून ते काढायचा, ठोके पडायचे, आणि तो मान हलवायचा, जशी शेजारचं दुकान झाडणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघून कुणी हलवतं. ते त्याचं नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. कार्डाची मागची बाजूही 'चाचणी चालू'नं भरली होती.

आणि नऊ वर्षांनी सिस्टर आल्या. केस पिकलेले, पाठ मात्र तीच, भिंतीला टेकवून आखल्यासारखी सरळ. पर्समधून चौघडी घातलेली पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"जुन्या ट्रंकेत सापडली. आधी बदली, मग आईचं अंथरूण, मग बहिणीचं. आता दोघी गेल्या, मी रिटायर झाले, इथेच खोली घेतलीय. घड्याळ मोडीत गेलं असेल ना?"

त्यानं जाकिटात हात घातला. घड्याळ अंगाच्या उबेनं गरम होतं. ते त्यांच्या हातात ठेवताना त्याला वाटलं, निदान दोन दिवस कपाटात गार करून द्यायला हवं होतं.

"हे तुमच्या खिशात?"

"चाचणीला," तो म्हणाला.

"नऊ वर्षं?"

"जरा लांबली."

सिस्टर हसल्या नाहीत, पण तोंडाचा एक कोपरा हलला. घड्याळ घेऊन त्या गेल्या. संध्याकाळी जेवताना त्याचा हात तीनदा जाकिटाकडे गेला. वहिनींनी तीनदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना कळलं होतं.

पंधरा दिवसांनी सिस्टर परत. "रोज चार मिनिटं मागे पडतंय."

हे त्याच्या कानाला शिवी दिल्यासारखं लागलं. त्यानं घड्याळ ठेवून घेतलं, तीन दिवस अंगावर वागवलं. सेकंदाचा फरक नाही. त्यांना दिलं. आठवड्यानं त्या पुन्हा दारात.

"चार मिनिटं. तुमच्याकडे शहाणं आणि माझ्याकडे आलं की मागे. माझ्यातच काही खोट आहे का हो?"

त्यालाही कळेना. पुन्हा ठेवून घेतलं आणि त्याच संध्याकाळी कळलं, तेही वहिनींमुळे. तो जेवायला बसला होता, नेहमीसारखा ताटावर ओणवा. वहिनी भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, मान वर करा. एक दिवस भाजीत नाक बुडेल. चाळीस वर्षं त्या टेबलावर वाकून पाठीची कमान झालीय नुसती."

त्यानं खाली बघितलं. जाकीट अंगापासून सुटून पुढे लोंबत होतं आणि आतल्या खिशातलं घड्याळ उभं नव्हतं. तबकडी खाली करून ते आडवं पडलं होतं, पालथ्या निजलेल्या पोरासारखं. दिवसातले दहा तास ते असंच असायचं. घड्याळ उभं असताना एका चालीनं चालतं, आडवं असताना दुसऱ्या, हे कुठल्याही कारागिराला पहिल्या वर्षी शिकवतात. आणि यानं नऊ वर्षं केसकेस करत ते बरोबर लावलं होतं, ते एका वाकलेल्या माणसाच्या अंगावर बरोबर. सरळ पाठीच्या बाईकडे ते मागे पडेल नाही तर काय होईल?

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "मीठ कमी आहे का?"

"नाही. माझंच चुकलं."

"हे म्हणतायत, मीठ कमीच आहे," वहिनी दादाकडे बघून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं सिस्टरांना सगळं समजावून सांगितलं. इतकी वाक्यं एका दमात तो वर्षानुवर्षांत बोलला नव्हता. "आता हे तुमच्या अंगावर लावायला हवं. आठ दिवस खिशात ठेवा, नेहमीसारख्या हिंडा. रोज अकराला या. किती फरक पडला बघून मी जरा जरा सरकवत जाईन."

"रोज?"

"एकदम सरकवलं तर पलीकडे जातं."

"बरं. ड्रेसिंग बदलल्यासारखं," सिस्टर म्हणाल्या.

त्या रोज अकराला यायच्या, म्हणजे अकरालाच. तो डोक्यावरच्या घड्याळाशी ताडून फरक कार्डावर लिहायचा, झाकण उघडायचा, काटा सरकवायचा. पाच मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी त्या पाच मिनिटं बसल्या. तिसऱ्या दिवशी पंधरा. त्या पेशंटांच्या गोष्टी सांगायच्या, पण नाव कुणाचंच घ्यायच्या नाहीत. खाट चार, खाट अकरा. खाट अकरानं म्हणे डॉक्टरांना सांगितलं होतं की इंजेक्शन याच बाईंच्या हातचं घेईन, त्या टोचताना माझ्याकडे बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात, त्यामुळे लाज वाटत नाही.

"तुम्ही इथे दिवसभर एकटेच?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"ही आहेत ना." त्यानं भिंतीकडे बोट केलं.

"आजारी माणसांची सोबत मोजायची नसते. मी बत्तीस वर्षं केलीय." असं म्हणून त्या उठल्या आणि औषधवाल्याकडे गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला गेल्या.

तो आता रोज दाढी करू लागला. वहिनींच्या नजरेतून काय सुटतंय. "काय भाऊजी, दुकानात आरसा लावलाय का?" स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्यानं लाकडाची चकती ठोकली. वीस वर्षं गिऱ्हाइकं त्यावर डुगडुगत होती.

सातव्या दिवशी फरक तीन सेकंदांचा होता. आठव्या दिवशी काहीच नव्हता. सेकंदाचा काटा आणि डोक्यावरचं घड्याळ एकाच पावलानं चालत होते. त्यानं ते दोनदा ताडून बघितलं. सिस्टर स्टुलावर बसून खाट सातचं काहीतरी सांगत होत्या. झाकण उघडंच होतं. वेगाचा काटा हाताशी होता. त्यानं चिमट्याचं टोक लावलं आणि तो मागे सरकवला. केसभर. रोज दोन मिनिटं मागे पडेल इतका.

चाळीस वर्षांत त्यानं वाईट काम केलं नव्हतं असं नाही. पण चुकून केलं होतं. हे पहिलं, जाणूनबुजून.

"झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"झालं. काही वाटलं तर या."

दोन मिनिटं त्यांना कळणारच. नाड्या मोजणारी बाई. चार दिवसांत येतील असा त्याचा हिशेब होता. चार दिवस गेले. आठ गेले. अकरा वाजले की तो भिंग काढून ठेवायचा आणि जिन्याजवळ वाजणारी पावलं ऐकायचा. पावलं वरच्या भाडेकरूंची असायची.

आधी त्याला त्या आल्या नाहीत याचं वाईट वाटलं. मग दुसरंच काही कुरतडायला लागलं. या गावात कुठेतरी, कुणाच्या तरी खिशात, त्याच्या हातचं एक घड्याळ खोटं बोलत होतं. किती जणांना खोटी वेळ सांगितली असेल त्यानं? रात्रीची झोप उडाली म्हणण्याइतका तो हळवा नव्हता. पण एकविसाव्या दिवशी संध्याकाळी त्यानं एक मनगटी घड्याळ उघडलं, बघितलं आणि तसंच मिटून ठेवलं. मग चिमटा आणि भिंग रुमालात गुंडाळून तो उठला. औषधवाल्याला सिस्टरांचा पत्ता विचारला.

"रंगाच्या दुकानावर, दुसरा मजला. काय सावकाश, आज दुकान बंद? कुणी गेलं की काय?"

"नाही. एक काम चुकलंय."

"तुमचं?" औषधवाला म्हणाला आणि हातातली बाटली खाली ठेवून बघत राहिला.

सिस्टरांची खोली वॉर्डासारखी होती. खाट, खाटेवर कोपरे घट्ट मुडपलेली चादर, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि आपण खाटेच्या कडेवर बसल्या, तशाच ताठ.

"घड्याळ बघायचं होतं," तो म्हणाला.

त्यांनी खिशातून काढून दिलं. त्यानं रस्त्यात टपरीच्या रेडिओवर वेळ लावून दुसरं एक घड्याळ आणलं होतं. दोन्ही शेजारी धरली.

"मिनिटभर मागे," तो म्हणाला.

"हो. मी रोज सकाळी सहाला लावते, संध्याकाळपर्यंत पडतं इतकं. दोन मिनिटं धरते रोजची."

"मग आला का नाहीत?"

सिस्टरांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. पेशंटच्या नातेवाइकाला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवताना बघत असतील तसं. "खरं सांगू? मला वाटलं, तुमची नजर गेली. किंवा हात. सात दिवस नीट करून आठव्या दिवशी बिघडलं. आमच्याकडे एक मोठे सर्जन होते, शेवटच्या वर्षी त्यांचा हात हलायला लागला. सगळ्यांना दिसायचं. कुणी तोंडावर बोललं नाही. मी म्हटलं, आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला तुम्हाला जमत नाही आता, हे मी कशाला सांगायला जाऊ? दोन मिनिटांनी माझं काय बिघडतंय? म्हणून त्या बाजूला यायचंच टाळलं. गोळ्यासुद्धा दुसरीकडून घेते."

त्यांनी यावं म्हणून त्यानं जे केलं, त्यामुळेच त्या आल्या नव्हत्या. म्हातारा झाला बिचारा, असं म्हणून त्यांनी एकवीस दिवस त्याची लाज राखली होती.

गप्प बसला असता तर निभलं असतं. नजर गेली, सिस्टर, वय झालं, एवढं म्हटलं असतं की त्यांनी पाणी दिलं असतं, डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव दिलं असतं. पण त्याच्या हातांबद्दल हे ऐकून घेणं त्याला जमेना.

"नजर ठीक आहे माझी," तो म्हणाला.

त्यानं खुर्ची खिडकीकडे वळवली, भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं. चिमट्याचं टोक काट्याला लागलं. आत केसाएवढी स्प्रिंग श्वास घेत होती. सिस्टर उठून जवळ आल्या आणि त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षं त्या हात बघत आल्या होत्या. त्याचा हात दगडासारखा होता. काटा केसभर पुढे गेला, होता तिथे.

"हात तर स्थिर आहे तुमचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग चुकलं कसं?"

"चुकलं नव्हतं."

खालच्या दुकानात कुणीतरी डबा उघडत होतं, पत्र्याचा आवाज येत होता. सिस्टर खाटेकडे गेल्या आणि मुळात सुरकुती नसलेल्या चादरीवरून त्यांनी हात फिरवला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्यानं झाकण मिटलं, वेळ लावली, घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्या त्याला दारापर्यंत पोचवायला आल्या.

"आता मागे पडलं तर येईन मी."

इथे त्यानं काहीही म्हणायला हरकत नव्हती. जुनं घड्याळ आहे, सांगता येत नाही. आठ दिवसांनी एकदा बघावं लागतं. नियमही तेच सांगत होता. पण चाळीस वर्षांची जीभ, ती आपल्या वळणावर गेली.

"आता मागे पडणार नाही," तो म्हणाला.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "जिन्याची चौथी पायरी हलते. सांभाळून उतरा."

घरी वहिनींनी ताट वाढून झाकून ठेवलं होतं. त्याला उशीर झाल्याचं हे घरातलं पहिलंच उदाहरण, म्हणून दादाही जेवायचा थांबला होता. "हे विचारतायत, कुठे होता?" वहिनी म्हणाल्या. खरं तर दादानं काही विचारलं नव्हतं, पण बघत होता.

"गिऱ्हाइकाकडे."

"झालं का काम?"

"झालं."

वहिनींनी त्याच्या जाकिटाकडे बघितलं. आतल्या त्या खिशाला नऊ वर्षांत घड्याळाचा गोल घाट आला होता. रिकामा असला तरी तो भरल्यासारखा दिसायचा. "धुवायला टाका ते," त्या म्हणाल्या. "आणि तो खिसा उसवून देते. उगाच फुगलेला दिसतो."

"राहू दे."

"बरं, राहू दे," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात त्यांनी न विचारता थोडी जास्त भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड काढलं. जागा उरली नव्हती, म्हणून कडेला उभं लिहिलं, 'नीट करून दिलं.' तारीख घातली. आठव्या दिवशी अकरा वाजता त्यानं स्टूल पुसलं. त्यावर एक जण बसला, त्याच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता. तो म्हणाला, "अरे वा, स्टूल डुगडुगत नाही की." पट्टा लावून झाला, तो गेला. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. सावकाशचा हात सवयीनं जाकिटात गेला आणि रिकाम्या गोल खिशात थोडा वेळ राहिला.

घड्याळ बरोबर चालत असणार, त्यानं स्वतःशी म्हटलं. नाहीतर त्या आल्या असत्या.